तुपाचा थेंब आणि घोड्याचं रक्त

टेबलाला धक्का लागता कामा नये. तुमच्या नोकरीतली पहिली अट हीच, आणि ती मोडली तर दुसरी ऐकायला तुम्ही नोकरीत राहणार नाही. साल १८९६, डिसेंबर सरत आलाय. जागा भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज. त्यातली एक खोली आणि तिच्यापुढची पडवी. तुम्ही इथले शिपाई. तुम्हाला धरून शिपाई तीन, कारकून एक आणि सगळ्यांच्या वर एक साहेब. साहेब गोरे आहेत, पण इंग्रज नाहीत. ओडेसात जन्मलेले ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पटकीची लस तयार करून कलकत्त्याला आलेले, आणि मुंबईत गाठीच्या तापानं थैमान घातल्यावर ऑक्टोबरात सरकारनं इकडे धाडलेले. नाव वाल्डेमार हाफकिन. तुमच्या तोंडी त्याचं ‘हापकीन साहेब’ झालंय आणि त्यांनी अजून तरी ते दुरुस्त केलेलं नाही.

टेबलावर काचेचे फुगीर चंबू ओळीनं मांडलेत. त्यात बोकडाच्या मांसाचं पाणी आहे, आम्लात शिजवून गाळलेलं. गाय आणि डुक्कर दोन्ही मुद्दाम टाळलेत. साहेबांना या देशात तीनेक वर्षं झाली आहेत, आणि टोचून घेणारा माणूस आधी ‘आत काय घातलंय’ हे विचारणार, हे ते पुरतं ओळखून आहेत. त्या पाण्यावर तुपाचे थेंब तरंगतायत. हो, आपलं घरचं साजूक तूप. जवळ जाऊन बघा, फक्त श्वास जपून. थेंबाच्या पोटाला पांढुरकं काहीतरी लोंबतंय, वडाच्या पारंब्यांसारखं. तोच प्लेग. मांडवीपासून गिरगावापर्यंत माणसं ज्यानं मरतायत तो जंतू तुपाला धरून असा खाली उतरतो. पारंब्या इतक्या नाजूक की पडवीतून कोणी धाडधाड चालत गेलं तरी तुटून तळाशी बसतात. काही दिवसांनी चंबू हलवून त्या मुद्दाम पाडायच्या असतात, मग थेंबाखाली नवं पीक धरतं. पण ते साहेब ठरवतील तेव्हा. तोवर टेबलाला धक्का नाही.

असं पाच-सहा आठवडे चालतं. शेवटी चंबू गरम पाण्यात तासभर ठेवायचा; पासष्ट-सत्तर अंशांवर जंतू मरतात, पण शरीराला त्यांची ओळख पटावी इतके शाबूत राहतात. मग बाटल्या भरायच्या. मुंबई सरकारची औषधं बनवण्याची खटपट सुरू झाली ती ही अशी. कारखाना म्हणावा तर एक पडवी, यंत्रसामग्री म्हणावी तर चंबू, आणि मजूर म्हणाल तर तुम्ही.

घरी जाताना रस्ता ओळखू येत नाही. सप्टेंबरात मांडवीत डॉक्टर व्हिएगस या गोव्याच्या माणसानं पहिल्यांदा सांगितलं की हा प्लेग आहे, आणि त्यानंतर शहर उसवत गेलं. जिथे उंदीर पडतात तिथली बिऱ्हाडं दुसऱ्या दिवशी बोरीबंदरावर नाहीतर कोकणच्या बोटीवर. लाखो लोक शहर सोडून गेलेत. तुमच्या चाळीत अर्ध्या खोल्यांना कुलपं. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर दगडफेक केली, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही आणि सरकार त्याच्या अंगातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढतं, असं अख्खं गिरणगाव बोलत होतं. आई तुम्हाला रोज विचारते, ‘तो साहेब तिथे शिजवतो तरी काय रे?’ बोकडाचं पाणी, त्यावर तूप आणि त्यात गाठीचा रोग, एवढं सांगून तुम्ही एकदा पाहिलंत. त्या दिवसापासून ती तुमचं ताट वेगळं वाढते.

१० जानेवारी १८९७. साहेब बाही वर करतात. एक सहकारी डॉक्टर त्यांच्या अंगात तयार लस टोचतो, इतरांना द्यायची त्याहून कितीतरी जास्त. साहेबांना ताप चढतो, टोचलेली जागा ठणकते, आणि तरीही ते दुसऱ्या दिवशी चंबूंपाशी हजर. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरतो तेव्हा कैद्यांना विचारलं जातं. काही हात पुढे करतात, काही करत नाहीत. पुढच्या दिवसांत हात पुढे न केलेल्यांतच लागण कितीतरी जास्त झाली. एकाच भिंतीआड, एकच अन्न खाणारी दोन प्रकारची माणसं. याहून स्वच्छ हिशेब त्या काळी दुसरीकडे कुठे मिळाला असता? (कैद्यांची ‘संमती’ म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही, तुम्हाला आज पडतोय, ते बरोबरच आहे.)

त्याच महिन्यांत पुण्यात वेगळंच चाललंय. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, रँडसाहेबाचे सोल्जर घराघरांत शिरले. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. २२ जूनला चापेकरांनी रँडला गोळी घातली. सरकार एकच, साथ एकच. एका हातात बंदूक, दुसऱ्यात सुई. बंदुकीची गोष्ट शाळेत शिकवतात. सुईची फारशी कोणी सांगत नाही, म्हणून तुम्हाला इकडे आणलं.

आता तुमची बाही वर करा. दोन दिवस अंग मोडून येईल. आईला सांगू नका.

पडवी पुरेनाशी झाली. तरुण आगाखानांनी स्वतः टोचून घेतलं, आपल्या खोजा जमातीला टोचायला लावलं आणि साहेबांना स्वतःची जागाही वापरायला दिली. शेवटी १० ऑगस्ट १८९९ ला गव्हर्नर सँडहर्स्टनं परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस प्लेग रिसर्च लॅबोरेटरीला दिलं. मोठा वाडा. लाटसाहेब तिथे राहत होते, पण १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसनची बायको त्याच घरात पटकीनं गेली आणि पुढच्या गव्हर्नरांनी मलबार पॉइंटची हवा पसंत केली. साहेबलोकांनी रोगाला भिऊन सोडलेल्या वाड्यात रोगाचंच पीक काढायचं, हा योग कोणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे, पण दरबार हॉलमध्ये चंबू मांडले गेले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. कुठल्या भागधारकाला त्यातून लाभांश मिळाला नाही, कारण भागधारकच नव्हता.

१९०२. तुम्ही आता बाटल्या भरणाऱ्यांत आहात आणि हात थांबत नाहीत. पंजाबात प्लेग पसरलाय, तिथल्या सरकारला लाखोंनी डोस हवेत, तेही या हिवाळ्याच्या आत. तुपाच्या पारंब्यांना पाच-सहा आठवडे लागतात, तेवढा धीर कोणाला? साहेबांनी जलद रीत काढली. तिच्यात बाटलीत कार्बॉलिक आम्ल टाकायची पायरी गाळली. नुसत्या उष्णतेनं भागतं, असं शास्त्र सांगत होतं. ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना टोचलं. त्यांतल्या एकाच बाटलीतून, ५३-एन नंबरच्या, टोचलेले १९ जण धनुर्वातानं गेले.

ती बाटली तुम्ही भरली होती का? कोणी तुम्हाला विचारणार नाही, शिपायाला कोण विचारतो. चौकशी साहेबांची झाली आणि नोकरीतून दूर केलं गेलं ते त्यांनाच. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट कागदावर होती. पण तिचं वजन पडायला वर्षं लागली. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहिलं, मग कुठे साहेबांवरचा डाग पुसला. ते परतले, पण कलकत्त्याला, परळला नाही. १९२५ मध्ये या संस्थेला हाफकिनचं नाव दिलं तेव्हा ते युरोपात होते.

इथे जरा थांबा, कारण पुढच्या सव्वाशे वर्षांची गोम इथेच दडलीय. सरकारी औषध स्वस्त पडतं कारण त्यात नफा नसतो. पण सरकारी औषध बनवणाऱ्याच्या मागे आकड्याचा तगादाही सरकारच लावतं, आणि काही बिनसलं की सरकारच त्याच्यापासून चार पावलं दूर उभं राहतं. खासगी मालक कारखाना वाचवायला धडपडतो, तो त्याचा स्वार्थ. सरकारी कारखान्यासाठी धडपडणारा कोणीतरी वेडा माणूस लागतो.

असा एक माणूस परळला आला, त्याच्या काळात दोन मिनिटं डोकावून जाऊ. १९४० च्या आसपास तुम्ही प्रयोगशाळेतले सहायक, संचालक कर्नल साहिबसिंग सोखी. हाफकिनचे पहिले भारतीय संचालक. १९३२ ते १९४९ अशी सतरा वर्षं त्यांनी ही जागा सांभाळली. युद्धामुळे बोटींचा भरवसा नाही, विलायती औषधं येत नाहीत, आली तर परवडत नाहीत. इथे उंदरांवर आणि मग माणसांवर सल्फा औषधं तपासली जातायत. लशीनं प्लेग टाळता येतो, पण झालेला प्लेगही औषधानं बरा करता येतो हे आता दिसतंय. कर्नल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: औषध इथे बनलं पाहिजे, आणि लोकांच्या पैशानं बनलं पाहिजे. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे ते अध्यक्ष होते आणि तिथेही हेच बोलले. पुढे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन भारतात बनू लागलं. तो कारखाना केंद्राचा, पण विचार परळच्या हवेतला.

१९७५. तुम्ही फाटकावरचा फलक बदलताना शिडी धरता. संस्थेचे दोन भाग झाले: संशोधनाची हाफकिन संस्था एकीकडे, आणि लशी-औषधं बनवणारं हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ दुसरीकडे. दोन्ही राज्य सरकारची, एकाच आवारात. शिडी उतरा.

आता पिंपरी. साल सांगत नाही, कारण इथलं काम सालाप्रमाणे फारसं बदलत नाही. तुम्ही महामंडळाच्या तबेल्यातले मोतद्दार. पहाटे खरारा, चारा-पाणी, टापा बघणं. कुठल्याही पागेत असतं तेच. फरक एवढाच की तुमच्या घोड्यांना विष टोचतात.

विष येतं तमिळनाडूतून. महाबलीपुरमजवळ इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ साली नोंदलेली. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडून कातडी विकणारे हे लोक. कातड्याचा धंदा कायद्यानं बंद झाला तेव्हा त्यांच्यासाठी हा मार्ग निघाला. साप पकडायचा, काही आठवडे मडक्यात सांभाळायचा, ठरावीक वेळा विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्याकडे सापानं माणूस मरतो तो बहुतेक वेळा या चारांपैकी एकाच्या दातानं, म्हणून सर्पदंशाची लस या चौघांच्या विषावर मिळून बनवतात.

पहिली मात्रा इतकी थोडी की घोड्याला कळतही नाही. मग आठवड्यांमागून आठवडे ती वाढवत न्यायची. घोड्याच्या रक्तात विषाला बांधून टाकणारी द्रव्यं तयार होतात, आणि काही महिन्यांनी, एरवी घोडा मेला असता एवढं विष दिलं तरी तो तोबऱ्यातले हरभरे खात उभा असतो. ठरल्या दिवशी मानेच्या शिरेतून रक्त काढायचं. तुमचं काम त्याच्या डोक्याशी. कपाळावर हात, कानाशी बोलणं, डोळ्यांवर झापड. रक्तातला पिवळसर द्रव वेगळा करतात आणि लाल पेशी पुन्हा घोड्याला देतात, म्हणजे तो लवकर सावरतो. त्या दिवशी चारा सढळ. घोडा आजारी पडला तर तुम्ही डॉक्टरच्या आधी ओळखता, आणि अशक्त घोड्याचं रक्त काढायला तुम्ही आडवे येता. याची नोंद कुठल्या अहवालात नसते.

पुढे तो पिवळा द्रव पेप्सिननं तोडतात, गाळतात, शुद्ध करतात. शेवटी गोठवून निर्वात जागेत त्याचं पाणी उडवून टाकतात आणि कुपीत उरते पांढरी पूड. ही पूड फार मोलाची. द्रवरूप लस सतत थंड ठेवावी लागते. पूड असली तर फ्रीज बंद पडलेल्या, लाईट गेलेल्या दूरच्या आरोग्य केंद्रातही ती टिकते. सापाला लोडशेडिंग ठाऊक नसतं.

आता हिशेब मांडा. घोडे बाराही महिने खातात, पण लशीची निकड लागते ती मुख्यतः पावसाळ्यात. विष महाग, प्रक्रिया लांब, आणि ज्याला साप चावतो तो भातलावणीचा मजूर, ऊसतोड कामगार, शेतावर उघड्यावर झोपणारी माणसं. त्यांच्या जोरावर कोण जाहिरात करणार, कुठला वैद्यकीय प्रतिनिधी त्यासाठी डॉक्टरांना भेटणार? या एका देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं गेली, असा अभ्यास आहे. एवढं मरण आणि एवढी छोटी बाजारपेठ, अशी जोडी औषधांच्या धंद्यात सहसा सापडत नाही. खासगी कंपन्याही ही लस बनवतात, काही चांगली बनवतात. पण उद्या त्यांनी ती परवडत नाही म्हणून बंद केली, तर घोड्यांचा तबेला एका पावसाळ्यात उभा राहत नाही. म्हणून तो सरकारचा असावा. पॅरासिटामॉल सरकारनं बनवायची गरज नाही; ती गोळी काढणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, सरकारनं फक्त नीट घासाघीस करून घ्यावी. सर्पदंशाची लस, विंचवाची लस, अशा ज्या औषधांवर कोणी श्रीमंत होत नाही, ती सरकारनं स्वतः बनवावी. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तुम्हाला तबेल्यात उभं करून सांगितलेलं बरं.

(विंचवाचं नाव निघालं म्हणून. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी लाल विंचवाच्या दंशावर वापरून कोकणातले मृत्यू किती खाली आणले, हे १९८० च्या दशकापासून जगाला माहीत आहे. स्वस्त औषध कधीकधी शोधावं लागत नाही, ओळखावं लागतं.)

तबेल्यातून निघताना परळची एक फेरी मारू. पोलिओचे दोन थेंब तुम्हीच तुमच्या पोराला पाजलेत. त्यांतले कितीतरी याच आवारातून गेले. मूळ द्रव परदेशातून यायचा, इथे तो मिसळून कुप्यांत भरला जायचा. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण आढळला, २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मोठं काम, वादच नाही. पण बारकाईनं पाहा: तुपाच्या पारंब्या वाढवणारं घर आता दुसऱ्याचा द्रव बाटल्यांत भरत होतं. दोन्ही कामं गरजेची, पण दोन्हींना लागणारी माणसं वेगळी.

जुलै २०२२, रात्रीचे साडेनऊ. तुम्ही सह्याद्रीच्या कुशीतल्या एका ग्रामीण रुग्णालयात औषध निर्माण अधिकारी, म्हणजे गावाच्या भाषेत औषधवाले भाऊ. बाहेर पाऊस. जीपमधून एका बाईला उतरवतात. बांधावर गवत कापताना पायाला चावलं. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टरारलाय, हिरड्यांतून रक्त. मुलगा म्हणतो, ‘जाड होता, अंगावर साखळी होती.’ घोणस.

डॉक्टर तिच्या शिरेतलं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि नळी टेबलावर उभी ठेवतात. वीस मिनिटं. नळीला हात लावायचा नाही, हलवायची नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची; रक्त थिजलं असेल तर विष अजून तितकं भिनलेलं नाही. मुलगा दर मिनिटाला विचारतो, ‘भाऊ, इंजेक्शन हाये ना?’ वीस मिनिटं झाली. डॉक्टर नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहतं.

दहा कुप्या लागणार, पहिल्या खेपेलाच. तुम्ही कपाट उघडता. दहा आहेत. बरोबर दहा. प्रत्येकीत दहा मिली निर्जंतुक पाणी सोडायचं आणि कुपी तळव्यांत हळूहळू फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो. पूड विरघळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बाईकडे आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही. सलाईनमधून लस जाऊ लागते. काही तासांनी पुन्हा नळी भरून ठेवतात, आणि या वेळी तिरकी केली तरी रक्त जागचं हलत नाही. ती वाचते.

पण कपाट रिकामं झालं आणि पावसाळा अजून दोन महिने आहे. तुम्ही कंप्यूटरसमोर बसता. मागणी मार्चमध्येच नोंदवली होती. उत्तर: प्रक्रियेत.

ते ‘प्रक्रियेत’ कुठे अडकलंय, हे समजायला थोडी वर्षं मागे जावं लागतं. २०१७ साली राज्य सरकारनं ठरवलं की सरकारी रुग्णालयांची सगळी औषधखरेदी एकाच ठिकाणाहून व्हावी. हेतू चांगलाच होता. प्रत्येक खात्याची वेगळी निविदा, वेगळे दर, वेगळी गडबड, हे थांबावं. खरेदीसाठी हक्काची, सरकारी, औषधांतली जाणकार संस्था कोणती? हाफकिन महामंडळ. झालं. घोडे सांभाळणाऱ्या, लशी भरणाऱ्या घराला अख्ख्या राज्याची औषधं, सलाईन, यंत्रं विकत घेण्याचं काम लावलं. निविदा, तांत्रिक छाननी, दर करार, देयकं. ज्यांनी औषध बनवण्यात आयुष्य घालवलं त्यांच्या टेबलावर फाइली चढल्या, आणि जिल्ह्यांतून ओरड सुरू झाली की औषधं वेळेवर मिळत नाहीत. डॉक्टर चिठ्ठीवर बाहेरची गोळी लिहून देऊ लागले, आणि रुग्णाचे नातेवाईक रात्री मेडिकल शोधत फिरू लागले. मोफत उपचाराचा अर्थ असा बदलतो.

दक्षिणेतल्या राज्यांनी ही दोन कामं वेगळी ओळखली होती. तमिळनाडूनं १९९४ मध्ये खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, ते फक्त खरेदी, साठा आणि तपासणी करतं. केरळनं १९७४ पासून आलप्पुळ्याजवळ औषधं बनवणारा सरकारी कारखाना ठेवलाय. रुग्णालयांसाठी ते गोळ्या आणि इंजेक्शनं बनवतात. आणि दूरची गोष्ट: २०२३ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं स्वतःच्या नावानं स्वस्त इन्सुलिन आणायला सिविका या ना-नफा संस्थेशी ५ कोटी डॉलरचा करार केला. तिकडच्या वृत्तपत्रांनी तो मोठा धाडसी प्रयोग म्हणून छापला. भायखळ्याच्या पडवीतल्या तुम्हा तिघा शिपायांना हसू आलं असतं.

त्या आधी पुन्हा एकदा साथ आली, कोरोनाची, आणि २०२१ मध्ये पुन्हा एकदा सरकारला परळ आठवलं. कोव्हॅक्सिन बनवण्यासाठी केंद्रानं ६५ कोटी, राज्यानं ९४ कोटी मंजूर केले. वर्षाला २२ कोटी ८० लाख डोस, असं उद्दिष्ट. तुम्ही बातमी वाचलीत, छाती फुगली. पण कारखाना पैसे मंजूर झाल्याच्या दिवशी चालू होत नाही. धोकादायक जिवंत विषाणू हाताळण्याची बंदिस्त जागा, प्रशिक्षित माणसं, प्रमाणपत्रं, हे सगळं साथ नसताना उभं करून ठेवायचं असतं. परळची तयारी होईपर्यंत खासगी कारखान्यांच्या लशींनी देशाची गरज भागवली होती आणि लाट ओसरली होती. १८९७ मध्ये एक पडवी आणि तीन शिपाई पुरले, कारण तेव्हा खासगी कारखाने त्या शर्यतीत नव्हते. आता आहेत, आणि ते थांबत नाहीत.

२०२३ मध्ये सरकारनं खरेदीसाठी स्वतंत्र महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात. औषधटंचाईची चर्चा राज्यभर झाली, सरकारनं टंचाई नाकारली. दोष कोणाचा हे इथे मी ठरवत नाही. पण खरेदीचं काम हाफकिनकडून निघालं हे योग्यच झालं. ते मुळात तिथे जायलाच नको होतं. आता बनवण्याचं काम तरी पूर्ण लक्ष देऊन करू द्या. तबेल्यात घोडे वाढवा, गेलेल्या माणसांच्या जागा भरा, आणि महाराष्ट्रातल्या सापांच्या विषावर महाराष्ट्रात काम करा. घोणसीचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं सांगतायत.

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर केईएमसमोरून गेलात तर हाफकिनचं फाटक तुम्हाला सहज दिसेल. पण माझी विनंती वेगळीच आहे. तुमच्या गावाच्या किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात या मे महिन्यात जा, औषध निर्माण अधिकाऱ्याला भेटा आणि विचारा: सर्पदंशाच्या लशीच्या कुप्या किती आहेत, आणि मागणी कधी पाठवली? आकडा दहाच्या आत असेल तर सरपंचाला सांगा, जिल्हा शल्यचिकित्सकाला अर्ज द्या, आमदाराला फोन करा. पाऊस सुरू व्हायच्या आधी.